दशांश सरांचा कोप्रोसेसर

दशांश सरांना आईवडिलांनी अर्थातच वेगळं नाव ठेवलं होतं, पण ते आता फक्त पगारपत्रकात उरलं होतं. गणिताच्या पेपरात सर पाव गुण देत आणि पाऊण गुण कापत. एकदा एका पोराचा पाव गुण हुकला, तेव्हा त्याचे वडील शाळेत येऊन म्हणाले, "सर, पाव किलोचं सोडा, पाव गुण तर भाजीवालीसुद्धा हातावर ठेवेल." सर म्हणाले, "भाजी वेगळी, बीजगणित वेगळं." तेव्हापासून हे नाव चिकटलं. सरांना त्याचा राग नव्हता. पूर्णांकात जगणाऱ्या माणसांची त्यांना उलट मनातून कीव यायची.

तर या दशांश सरांकडे शाळेचं वेळापत्रक होतं. बाहेरच्या माणसाला हे काम किरकोळ वाटेल. पण एरवी सरांचं ऐकायचं कोणी? वर्गात पोरं ऐकत नसत, शिक्षकांच्या खोलीत चहावालाही त्यांचा कप शेवटी ठेवी आणि घरातलं तर बोलायलाच नको. वर्षातून एकदा मात्र सर ज्या चौकोनात ज्याचं नाव लिहीत, तिथे त्याला निमूट जावं लागे. खुद्द मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांनासुद्धा. एवढी एकच सत्ता सरांना आयुष्यात लाभली होती आणि यंदा तीच जायची वेळ आली होती.

त्याला कारण मागच्या वर्षीचं वेळापत्रक. सरांची पद्धत जुनी होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत बाहेरच्या खोलीत एक मोठा फळा मांडायचा आणि त्यावर पुठ्ठ्याचे रंगीत तुकडे लावत बसायचं. एकेक तुकडा म्हणजे एकेक तासिका. तुकडे उडू नयेत म्हणून पंखा बंद. त्याच खोलीत सरांच्या पत्नी, ज्यांना सगळी आळी वहिनी म्हणते, पायाच्या मशीनवर लोकांचे कपडे शिवत असत. घामाघूम होऊन, पाय मारता मारता त्या मधूनच म्हणत, "अहो, तो हिरवा तुकडा तिथे नाही बसायचा." सर म्हणत, "तुझं शिवण चालू दे." मागच्या वर्षी तो हिरवा तुकडा खरोखरच तिथे बसायचा नव्हता. चित्रकलेचे सर एकाच वेळी दोन वर्गांत लागले. ते बिचारे मवाळ. तक्रार न करता वर्षभर दोन वर्गांच्या मधल्या खांबाला टेकून दोन्हीकडे फुलदाणी काढा म्हणून सांगत राहिले.

वर्षाच्या शेवटच्या सभेत भूगोलाच्या बाईंनी हे उकरून काढलं. "काही बोलायचं नाही म्हणा," असं म्हणून त्या बरंच बोलल्या. मोठ्या बाईंनी निकाल दिला, "शाळा उघडायच्या आधीच्या सभेत वेळापत्रक बिनचूक माझ्या टेबलावर हवं. नाहीतर पुढच्या वर्षीपासून ते काम भूगोलाच्या बाईंकडे."

इथे सरांनी गप्प बसायला हवं होतं. पण अपमान झाला की त्यांच्या जिभेला हाड राहत नसे. ते उभे राहून म्हणाले, "यंदा वेळापत्रक माणूस करणारच नाही. कॉम्प्युटर करेल."

शाळेला त्या काळी नुकताच एक कॉम्प्युटर मिळाला होता. तो कचेरीत कापडी झाकणाखाली असायचा आणि हेडक्लार्क दुपारी त्यावर डबा ठेवायचे. सरांनी तो प्रिंटरसकट सुट्टीपुरता घरी आणला, बाहेरच्या खोलीत शिलाई मशीनसमोर मांडला आणि पुस्तकात बघून बघून वेळापत्रकाचा प्रोग्रॅम लिहिला. पुठ्ठ्याचे तुकडे वहिनींसमोर कचऱ्याच्या डब्यात टाकले. वहिनी काही बोलल्या नाहीत, हे सरांच्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

प्रोग्रॅम सुरू झाला. पडद्यावर एक छोटी रेघ लुकलुकू लागली. दुपार झाली, संध्याकाळ झाली, रेघ लुकलुकतच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर पेपर मागायला आले आणि पेपर विसरून रेघेकडे बघत बसले.

"पोचलंय का कुठं?" त्यांनी विचारलं.

"पाचवी अ चालू आहे," सर म्हणाले.

"आमच्याकडे साधं टपालसुद्धा याच्यापेक्षा लवकर जायचं," पोस्टमास्तर म्हणाले. आयुष्यभर टपाल उशिरा पोचल्याबद्दल बोलणी खाल्लेल्या माणसाने हे म्हणावं, हे सरांना फार लागलं.

मग वरच्या मजल्यावरचे विमावाले खाली आले. या गृहस्थांना प्रत्येक विषयातलं थोडं थोडं कळायचं आणि प्रत्येक धंद्यात त्यांचा एक मेहुणा होता. कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं दुकान असलेला मेहुणा त्यांनी लगेच काढला. "सर, तुमच्या यंत्राला कोप्रोसेसर नाही. तिथेच घोडं अडलंय."

"म्हणजे काय?"

"सोपं आहे. आत एक मुख्य प्रोसेसर असतो. तो घरातल्या कर्त्यासारखा. सगळं त्याच्याच अंगावर. कीबोर्डवर काय आलं ते बघा, पडदा रंगवा, फाइल उघडा, बेरजा करा. पण दशांश अपूर्णांक आले की गडी अडखळतो. साधा भागाकार असला तरी बोटं मोजत बसतो. म्हणून त्याच्या शेजारी दुसरा एक बसवायचा. त्याला बाकी काही येत नाही. चहासुद्धा करता येणार नाही. पण दशांशांचं गणित पुढं टाकलं की डोळ्यांचं पातं लवायच्या आत उत्तर."

सर हे ऐकून हेलावले. जगात आपल्यासारखं कोणीतरी आहे, आणि त्याच्यासाठी कारखानदार लोक मुद्दाम जागा राखून ठेवतात, हे त्यांना प्रथमच कळत होतं. त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं की कोप्रोसेसर आणायचाच. वेळापत्रकात दशांश कुठे आहेत, हा प्रश्न त्यांच्या मनाला शिवला नाही. ज्याच्या डोक्यात दशांश, त्याच्या कामात दशांश असणारच, असं त्यांनी गृहीत धरलं होतं.

पण यंत्र शाळेचं. झाकणावर शाळेचं लेबल. ते उघडायचं तर हेडक्लार्कांची परवानगी हवी. हेडक्लार्कांनी सरांना बसवून घेतलं आणि चष्मा पुसला.

"ही दुरुस्ती म्हणायची की खरेदी?"

"दुरुस्ती नाही. काही बिघडलेलं नाही."

"मग खरेदी. वस्तू एकटी वापरता येते का?"

"नाही. एकटी ती काहीच करत नाही. मुख्य प्रोसेसरने बोलावलं तरच काम करते."

"नाही बोलावलं तर?"

"बसून राहते."

हेडक्लार्कांनी समजूतदारपणे मान हलवली. कचेरीत त्यांच्या हाताखाली अशी दोन माणसं होती. "सर, एकटी न वापरता येणारी वस्तू डेडस्टॉकच्या वहीत चढवता येत नाही. टेबल चढवता येतं, टेबलाचा पाय नाही चढवता येत. तुम्ही असं करा, तुमच्या पदरचं आणा आणि गुपचूप बसवा. मी बघितलं नाही. पण उद्या यंत्र बिघडलं तर मात्र मी बघितलं."

पदरचं म्हणजे कुठलं, हा नाजूक प्रश्न होता. वहिनींच्या शिलाई मशीनला विजेची मोटर बसवायचं घरात कधीपासून घाटत होतं. त्यासाठी बाजूला ठेवलेले पैसेच सरांनी उचलले. तशी कबुलीही दिली. "मोटर काय, पुढच्या वर्षी बघू. पाय मारल्याने व्यायाम होतो," असं ते म्हणाले. वहिनी सुईत दोरा ओवत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "तुम्हाला हवाय तर आणा. मलाही एकदा बघायचंय, मदतनीस आल्यावर काय होतं ते."

मेहुण्याने फोनवर विचारलं, प्रोसेसर कुठला आहे. सरांना सांगता येईना, तेव्हा यंत्रच घेऊन या म्हणाला. विमावाल्यांच्या स्कूटरवर मागे सर आणि सरांच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेलं यंत्र, अशी वरात निघाली. वाटेत शाळेतल्या दोन पोरांनी नमस्कार केला. परतफेड करायला सरांचा हात मोकळा नव्हता, म्हणून त्यांनी हनुवटी हलवली. पोरांनी दुसऱ्या दिवशी आळीभर केलं की सरांच्या घरी कोणीतरी आजारी आहे. संध्याकाळपर्यंत दोन बायका वहिनींना धीर देऊन गेल्या.

दुकानात झाकण उघडलं. मुख्य प्रोसेसरच्या शेजारी खरंच एक रिकामं सॉकेट होतं. अगदी पाट मांडून ठेवल्यासारखं. सर त्याकडे बघतच राहिले. मेहुणा म्हणाला, "आत्ता बसवून देतो." पण सरांचा स्वाभिमान जागा झाला. गणिताच्या शिक्षकाला एवढं बसवता येऊ नये? त्यांनी चिप डबीत घातली, मेहुण्याने दिलेली एक चाचणीची फ्लॉपी खिशात टाकली आणि वरात परत फिरली.

घरी पोस्टमास्तर वाट बघत होते. सरांनी चिप सॉकेटवर ठेवली. ती बसेना. "दाब द्या," पोस्टमास्तर म्हणाले. सरांनी अंगठ्याने हलका दाब दिला. "असा नव्हे," म्हणत पोस्टमास्तर पुढे झाले आणि रजिस्टर पत्रावर शिक्का मारावा तशी त्यांनी चिपवर एक मूठ ठेवून दिली. चिपच्या बारीक पायांतला एक पाय वाकला. पोस्टमास्तर पेपर मागून घरी गेले.

वहिनींनी शिलाईची बारीक सुई आणली, चिप उजेडात धरली आणि वाकलेला पाय हळूच सरळ केला. मग म्हणाल्या, "अहो, हिच्या एका कोपऱ्यावर ठिपका आहे. खालीही एका कोपऱ्यावर खूण आहे. ठिपक्यावर ठिपका यायला हवा असेल. बाही लावताना आम्ही तसंच करतो."

"कॉम्प्युटर म्हणजे बाही नव्हे," सर म्हणाले आणि ठिपक्यावर ठिपका आणून चिप बसवली. ती निमूट बसली. तरी यंत्र चालू करताच नुसतं कोकलायला लागलं. विमावाल्यांनी मेहुण्याला फोन केला. आत एक इवलीशी टोपी आहे, ती उचलून शेजारच्या दोन काड्यांवर घालायची, म्हणजे मुख्य प्रोसेसरला कळतं की शेजारी कोणी आलंय, असं मेहुण्याने सांगितलं. नाहीतर शेजारी राहूनही ओळख होत नाही. ती टोपी हातातून निसटून सतरंजीवर पडली आणि शोधण्यात उरलेली दुपार गेली. सापडली ती वहिनींच्या चुंबकाला, टाचण्यांच्या घोळक्यात.

शेवटी यंत्र उठलं. चाचणीची फ्लॉपी घातली. पडद्यावर एक पान उमटू लागलं, त्याला शिरा फुटल्या, शिरांना उपशिरा. चिप काढून टोपी मूळ जागी ठेवली की पान रांगायचं, दोन्ही पुन्हा बसवलं की धावायचं. पोस्टमास्तर परत आले होते, त्यांनीही तोंडात बोट घातलं. सरांनी सर्वांदेखत वेळापत्रकाचा प्रोग्रॅम लावला आणि मागे टेकून बसले.

रेघ लुकलुकू लागली. चहा झाला. रेघ लुकलुकत होती. मंडळी एकेक करून उठली. सकाळी बघितलं तर पाचवी अ चालू होती.

सरांनी मेहुण्याला फोन केला. सगळं ऐकून त्याने अगदी साधा प्रश्न विचारला. "सर, तुमच्या प्रोग्रॅममध्ये दशांश कुठे येतात?"

"तासिकेत दशांश कुठून येणार? एक वर्ग, एक शिक्षक, एक तास. सगळे पूर्णांक."

"मग मुख्य प्रोसेसर त्याला हाकच मारणार नाही. त्याचं काम निघालं तर तो बोलावणार ना. कोप्रोसेसर आपल्या जागी बसून असेल."

"नुसता?"

"नुसता. थोडा गरम होईल, एवढंच."

सरांनी झाकण काढून हात लावून बघितला. खरंच गरम लागला. "काही काम नाही आणि नुसता बसून तापतोय," ते खिन्नपणे म्हणाले.

वहिनी मशीनवर पाय मारत होत्या. त्या वर न बघता म्हणाल्या, "ओळखीचं वाटतंय."

दुसरा कोणी असता तर इथे हरला असता. पण सर हट्टाला पेटले. मदतनीस आणलाय तर त्याला काम देणं आपलं कर्तव्य आहे, असं त्यांचं मत पडलं. वेळापत्रकात दशांश नसतील तर घालू. त्यांनी प्रत्येक शिक्षकाचा थकवा दशांशात मोजायला घेतला. गणिताच्या एका तासाला थकवा एक पूर्णांक, चित्रकलेला शून्य पूर्णांक चार, भूगोलाला शून्य पूर्णांक एक. हे आकडे शास्त्रीय होते असं ते आजही सांगतात. मग सगळा प्रोग्रॅम थकव्यावर बेतला आणि सुरू केला.

काय सांगावं, यंत्र सुटलं. पाचवी अ गेली, पाचवी ब गेली, सर "अगं, बघ, बघ" म्हणेपर्यंत दहावी संपली. प्रिंटरने कागद ओकला. सरांचा ऊर भरून आला. त्यांनी कागद वहिनींसमोर धरला. वहिनींनी दोरा दातांनी तोडला आणि वाचू लागल्या.

"आठवी ब, सोमवार, तिसरी तासिका. शून्य पूर्णांक सहा चित्रकलेचे सर." त्या थांबल्या. "उरलेले सर कुठे ठेवायचे?"

सरांनी मान वाकडी करून कागदात डोकावलं.

"आणि मोठ्या बाई शुक्रवारी एक चतुर्थांश आहेत. सव्वा वर्गांत."

सरांनी कागद घेतला. गणित बिनचूक होतं. सगळ्या शिक्षकांचा थकवा दुसऱ्या दशांशस्थळापर्यंत समान होता. फक्त असे शिक्षक कुठे मिळत नव्हते. सर खुर्चीत बसले. सभा दुसऱ्या दिवशी होती. आपल्या हातातलं एवढं एक काम आता जाणार, ज्या चौकोनात भूगोलाच्या बाई लिहितील तिथे आपण निमूट जाणार, हे त्यांना लख्ख दिसलं. त्यांना रडूच यायचं बाकी होतं.

वहिनींनी मशीनचं झाकण बंद केलं. माळ्यावरून एक पिशवी काढली आणि सतरंजीवर उपडी केली. पुठ्ठ्याचे रंगीत तुकडे. "त्या दिवशी डब्यातून काढून ठेवले होते," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं समोर बसून बघतेय. कुठला कुठे बसतो ते पाठ झालंय."

एवढ्यात दार वाजलं आणि दारात साक्षात भूगोलाच्या बाई. त्या वहिनींकडे कपडे शिवायला टाकत, हे सरांना ठाऊक नव्हतं. घरात सरांना ठाऊक नसलेल्या बऱ्याच गोष्टी होत्या. सर आत पळायच्या बेतात होते. पण वहिनींनी बाईंना सरळ सतरंजीवर बसवलं. "तुमची बाही उद्या. आज हे बघा. कुठला वर्ग कुठल्या खोलीत, मैदान कोणाला, प्रयोगशाळा कोणाला, तेवढं तुम्ही लावा. खोल्यांचं तुम्हाला चांगलं कळतं."

भूगोलाच्या बाईंनी सरांकडे बघितलं, मग तुकड्यांकडे, आणि पदर खोचून बसल्या. वहिनींनी पोस्टमास्तरांना बोलावलं. तुकडे शिक्षकवार वेगळे करायचं काम त्यांना दिलं. जन्मभर पत्रं खणांत टाकलेला त्यांचा हात असा चालला की बघत राहावं. विमावाल्यांना फोनवर बसवलं. कोणाला शेवटचा तास नको, कोणाला पहिला नको, त्यांना पटवायचं काम त्यांचं. ते प्रत्येकाला पटवून वर विम्याबद्दलही बोलत होते. वहिनी मध्ये बसून ज्याचं त्याला देत होत्या, ज्याचं त्याच्याकडून घेत होत्या आणि फळ्यावर लावत होत्या. पंखा चालू होता. त्यांनी प्रत्येक तुकड्याला टाचणी मारली होती. हे इतक्या वर्षांत सरांना सुचलं नव्हतं.

सरांना कोणी काहीच दिलं नाही. ते कॉम्प्युटरशेजारच्या खुर्चीत बसून होते. दोनदा त्यांनी घसा खाकरला. पोस्टमास्तरांनी त्यांना पाणी दिलं.

बऱ्याच वेळाने वहिनींनी हात थांबवला. "अहो."

"काय?" सर ताडकन उठले.

"गणिताच्या एकोणचाळीस तासिका आणि शिक्षक सहा. वाटून किती येतात?"

"साडेसहा," सर म्हणाले. वहिनींचा प्रश्न पुरता संपायच्या आत.

"हं. म्हणजे तिघांना सहा, तिघांना सात," असं म्हणून वहिनी परत फळ्याकडे वळल्या.

सर खाली बसले. आणि बसता बसता त्यांना सगळं कळलं. शेजारी राखून ठेवलेली जागा, हाक येईपर्यंत बसणं, हाक आली की लगेच उत्तर. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि या घरातला मुख्य प्रोसेसर आपणच, असं समजून ते आजवर वावरत होते. त्यांना वाईट वाटायला हवं होतं आणि थोडं वाटलंही. पण उत्तर बरोबर होतं आणि ते लगेच आलं होतं, त्याचंही त्यांना बरं वाटलं.

सभेत वेळापत्रक मोठ्या बाईंच्या टेबलावर गेलं. त्यांनी ते उलटसुलट तपासलं. चित्रकलेचे सर एका वेळी एकाच वर्गात आणि तेही पूर्ण होते. "वा," मोठ्या बाई म्हणाल्या, "म्हणजे कॉम्प्युटरने केलं म्हणायचं."

भूगोलाच्या बाई सरांकडे बघत होत्या. त्या काही बोलणार नव्हत्या, हे सरांना त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. नुसतं हो म्हटलं असतं तरी काम सरांकडेच राहिलं असतं. पण ज्या माणसाने जन्मभर पाव गुणाला माफी दिली नाही, त्याच्याने ते होईना.

"कॉम्प्युटरने नाही," सर म्हणाले. "आमच्या हिने केलं. या बाईंनीही खोल्या लावल्या. माझ्याकडे भागाकार होता."

"किती?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"एक," सर म्हणाले.

पुढच्या वर्षीपासून वेळापत्रकाचं काम वहिनींकडे गेलं. शाळेने त्याचं मानधन ठरवलं आणि त्यातून मशीनला मोटर आली. शाळा उघडली तसा कॉम्प्युटर कचेरीत परत गेला, कोप्रोसेसरसकट. हेडक्लार्क त्यावर डबा ठेवतात आणि तेव्हापासून अन्न जास्त गरम राहतं असं म्हणतात.

सुट्टीच्या दुपारी आता मोटर घरघरत असते आणि सर मशीनशेजारच्या खुर्चीत पेपर धरून बसलेले असतात. मधूनच मोटर थांबते.

"अहो, साडेचार मीटर कापड, एकाला पाऊण मीटर लागतं. किती होतील?"

"सहा," सर म्हणतात.

मोटर पुन्हा सुरू होते. सर पेपर वर धरतात आणि पुढची हाक येईपर्यंत आपल्या जागी, जरासे गरम होऊन, बसून राहतात.